केसांच्या क्लिपा घरी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी केलेली क्लिप कुणी हातात घेतली की समोरून बघतात आणि 'कित्ती गोड' म्हणून परत देतात. ज्यांना स्वतः करायच्या असतात ते मात्र ती लगेच उलटी करून बघतात. खालचे प्रश्न अशा उलटी करून बघणाऱ्यांचे आहेत, आणि त्यातले बरेचसे दहा-दहा वेळा आलेले आहेत. एका उत्तराचं शेपूट दुसऱ्यात अडकतं, म्हणून क्रमांक घातले आहेत.

१. अगदी शून्यापासून सुरुवात करायची आहे. आधी काय काय आणू?

कमी आणा. एकाच प्रकारच्या डझनभर क्लिपा (४.५ सेंटिमीटरची अ‍ॅलिगेटर), २५ मिलिमीटर रुंदीची ग्रोग्रेन रिबीन दोन रंगांत, क्लिपवर चढवायला १० मिलिमीटरची अरुंद रिबीन, थोडं फेल्ट (न विणता तंतू दाबून केलेलं कापड), सुई, जाड दोरा, पट्टी, लायटर, ग्लूगन आणि एक धारदार कात्री. एवढ्यावर पहिला महिना सहज निघतो. मोत्यांची पाकिटं, चमक्या आणि साचे हौसेनं पहिल्याच दिवशी आणले जातात आणि डब्यात पडून राहतात. माझा असा एक डबा अजून अर्धा भरलेला आहे.

रिबीन ग्रोग्रेनच का? तिच्यावर बारीक आडव्या रेघा असतात, त्यामुळे ती बोटांतून निसटत नाही आणि घडी धरून ठेवते. सॅटिन दिसतं सुंदर, पण घसरतं, आणि गोंदाचा एक थेंब पडला तरी डाग दाखवतं. ते दुसऱ्या महिन्यात. आणि रिबिनीची कात्री कागदाला लावू नका. घरात कुणी लावत असेल तर लपवून ठेवा.

२. क्लिपांचे इतके प्रकार दिसतात. कुठली कशासाठी घ्यायची?

क्लिप म्हणजे आधी अवजार आणि मग दागिना, हे धरून चाललं की निवड सोपी होते.

अ‍ॅलिगेटर क्लिप मागून दाबली की तोंड उघडते. वरचा जबडा सपाट असल्यामुळे त्यावर काहीही बसवता येतं. शिकायला हीच घ्या. खालच्या बाजूला एकच काडी असलेली साध्या कामाला पुरते. दोन काड्यांची जास्त जागा धरते, त्यामुळे मोठा बो तिच्यावर डुलत नाही.

टिकटॅक क्लिप मधून वाकवली की 'टक्' करून उघडते. इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते. ती उघडण्यासाठी तिचं सगळं अंग वाकावं लागतं, आणि आपण पूर्ण लांबीवर कडक फूल चिकटवून तेच बंद करून टाकतो. सजावट फक्त रुंद टोकाला चिकटवा, नाहीतर क्लिपला कापडाचा सैल झगा शिवा.

फ्रेंच बॅरेट म्हणजे मागे खटका असलेली लांब क्लिप. दाट केसांना हीच लागते. तिची पाठ कमानीसारखी असते, म्हणून सपाट कडक तुकडा तिच्यावर नीट बसत नाही. मधली वाकडी पट्टी काढता येते. काम करताना ती बाजूला ठेवा. केस फारच दाट असतील तर ती न बसवताही क्लिप वापरता येते.

क्लचरचा आजचा पंजा फ्रान्सच्या क्रिस्तियाँ पोतू यांनी १९८६ मध्ये आणला. त्याच्यावर सजावटीला जागा थोडी असते आणि एका पंजाला वजन झालं की तो केसांत तिरका होतो. चापावर (बॉबी पिनवर) बसकी चकती असेल तर छोटं फूल राहतं. अंबाड्यासाठी आकडा, आणि मण्यांच्या कामासाठी तारेचा छोटा कंगवा (प्रश्न १२).

३. मला शिवणकाम येत नाही. जमेल का?

जमेल. धावदोरा आणि गाठ एवढं आलं तरी पुरे. स्क्रंचीला (कापडाच्या चुण्यांच्या इलॅस्टिक बँडला) मशीन असली तर बरं, नसली तर हातानं अर्धा तास जास्त जातो, एवढंच.

४. पहिला बो नेमका कसा करायचा? मापांसकट सांगा.

मापाचं सूत्र : बो जेवढा रुंद हवा त्याच्या दुप्पट, अधिक २ सेंटिमीटर. ९ सेंटिमीटरचा बो हवा असेल तर २० सेंटिमीटर रिबीन कापा. त्यावर थोडा लहान, ८ सेंटिमीटरचा दुसरा थर हवा असेल तर १८. खाली लोंबणाऱ्या शेपट्यांना १२ सेंटिमीटरचा वेगळा तुकडा, आणि मधल्या पट्टीला अरुंद रिबिनीचा ६ सेंटिमीटरचा. सगळी टोकं आधी शेकून घ्या (प्रश्न ६).

आता मोठा तुकडा मधोमध दुमडून घडीची खूण करा आणि उलगडा. दोन्ही टोकं मागे वळवून त्या खुणेवर आणा, एकमेकांवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर चढू द्या. दोन कान झाले. खुणेवरून वरून खाली धावदोऱ्याचे पाच-सहा टाके घाला, टाके सारखे ठेवा. दोरा ओढण्याआधी बोटांनी मधली रेघ पुढे उचला आणि वरची-खालची कड मागे दुमडा. मग ओढा. दोरा त्याच जागी दोन वेढे घट्ट गुंडाळून मागे गाठ मारा.

हे वेढे फार महत्त्वाचे. नुसता ओढलेला दोरा आठवड्याभरात सैल पडतो आणि बो मधोमध रुंद होतो. लहान थर मोठ्यावर ठेवून दोन्ही एकत्र बांधा, शेपट्या मागे, आणि अरुंद पट्टी शेवटी. ती पट्टी बोभोवती गुंडाळतानाच क्लिपचा वरचा जबडाही तिच्यात घ्यायचा. म्हणजे बो क्लिपला चिकटलेला असतोच, शिवाय बांधलेलाही असतो.

पहिले तीन बो वाकडे होतील. कान लहान-मोठे झाले तर आत बोट घालून फुगवून बघा. बहुतेक वेळा टाके मधोमध पडलेले नसतात, एवढंच कारण असतं.

५. क्लिपला रिबीन चढवणं खरंच गरजेचं आहे का? वेळखाऊ वाटतं.

आहे. नुसता धातू केसांवरून घसरतो, आणि गोंद गुळगुळीत धातूपेक्षा कापडावर कितीतरी चांगला बसतो. सजावट कितीही देखणी असो, क्लिप उलटी केल्यावर चमचमता पत्रा आणि गोंदाचे गोळे दिसले की काम कच्चं वाटतं.

४.५ सेंटिमीटरच्या क्लिपला १० मिलिमीटरची रिबीन साधारण १२ सेंटिमीटर लागते. सुरुवात वरच्या जबड्याच्या आतून, स्प्रिंगच्या जरा अलीकडून करा. तोंडापर्यंत चिकटवत या, टोकावरून वर वळा, पाठीवरून मागे जा, आणि दाबायच्या भागावरून वळवून टोक खालच्या बाजूला लपवा. गोंद पातळ लावा. स्प्रिंगला तो लागला की क्लिप कायमची बोबडी होते. वाळेपर्यंत जबड्यात पेन्सिल धरून ठेवा.

६. रिबिनीची टोकं उसवतात. मेणबत्तीवर धरली तर काळी पडतात. काय चुकतं?

ज्योतीचं पिवळं टोक काजळी धरतं. रिबीन ज्योतीत घालायची नाही, निळ्या भागाच्या बाजूला नेऊन हलकेच फिरवायची. कड किंचित चमकली की बाजूला. पांढऱ्या सॅटिनला आणखी लांबून शेका, नाहीतर कडेला तपकिरी रेघ येते. जवळ पाण्याची वाटी ठेवा आणि स्वतःचे केस बांधून बसा. केसांच्या क्लिपा करताना केस जाळून घेतलेल्या दोघी मला माहीत आहेत, त्यातली एक मी.

हे फक्त वितळणाऱ्या धाग्यांना चालतं. पॉलिएस्टर २५०–२६० अंश सेल्सियसला वितळतं आणि कडेला घट्ट मणी धरतं. सुती कापड वितळत नाही, कागदासारखं जळून राख होतं. शंका असेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा : कडक गोळी उरली तर शेकता येईल, भुरभुरीत राख उरली तर नाही. सुती टोकांना पातळ केलेला पांढरा गोंद लावा, नागमोडी कात्रीनं कापा किंवा कड दुमडून टाका घाला.

७. गोंद कुठला वापरायचा?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि याला एकच उत्तर नाही.

ग्लूगन झटपट आहे. कमी तापमानाची साधारण १२० अंशांना चालते, जास्त तापमानाची १९०च्या आसपास. कांड्याही दोन मापांच्या असतात, ७ आणि ११ मिलिमीटर. छोट्या कामाला छोटी गन घ्या, हातात ताबा राहतो. पण तापून पातळ होणारा गोंद पुन्हा तापला की पुन्हा मऊ होतो, हे लक्षात ठेवा. एकदा मी वीस क्लिपांचा डबा उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवला. संध्याकाळी उघडला तेव्हा क्लिपा वेगळ्या, फुलं वेगळी आणि मोती तळाला. त्या दिवसापासून नुसत्या ग्लूगनच्या भरवशावर मी काहीही सोडत नाही.

धातूवर टिकाऊ जोड हवा असेल तर ई-६००० सारखा लवचीक औद्योगिक गोंद. तो पूर्ण पकडायला २४ ते ७२ तास घेतो. 'सकाळी लावला, दुपारी निघाला' ही तक्रार बहुतेक वेळा घाईचीच असते. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवून काम करा, लहान मुलं आणि गरोदर बायका असलेल्या खोलीत तर नकोच.

झटक्यात चिकटणारा सुपरग्लू टाळा. तो ठिसूळ होतो, आणि क्लिप तर दिवसातून दहा वेळा वाकते. शिवाय वाळताना आसपास पांढरी धूसर साय धरतो, गडद मखमलीवर ती जात नाही. आणि सुती किंवा लोकरीच्या धाग्यावर तो पडला की रासायनिक क्रिया होऊन एकदम तापतो. सुती लेसवर जरा जास्त ओतला गेला तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत धूर निघाला होता, आणि लेस बोटाला चिकटलेली होती.

कापडावर कापड असेल तर कापडाचा गोंद पुरतो. आणि जिथे दोरा जाऊ शकतो तिथे दोराच. गोंद कधीतरी थकतो, नीट मारलेली गाठ थकत नाही.

८. चांगला गोंद लावला, दोन दिवस थांबले, तरी सजावट निखळली. आता?

बहुधा पृष्ठभाग. नव्या क्लिपांवर तेलकट थर असतो. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, चिकटवायची जागा बारीक पॉलिशपेपरनं जरा खरवडा, पुन्हा पुसा.

एवढं करूनही भरवसा नसेल तर माझी आवडती युक्ती वापरा, धातूला गोंद लागतच नाही. सजावटीपेक्षा जरा लहान फेल्टचा तुकडा कापा. त्यात क्लिपच्या रुंदीच्या दोन समांतर चिरा पाडा, साधारण दोन सेंटिमीटर अंतरावर. वरचा जबडा एका चिरेतून आत आणि दुसरीतून बाहेर काढा, बक्कलमधून पट्टा घालतो तसा. मग फेल्टच्या कडा सजावटीच्या मागे शिवा. हे सुटायचं असेल तर फेल्ट फाटावं लागेल. पुढे क्लिप गंजली तर ती ओढून काढून नवी सरकवता येते.

९. ग्लूगनचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे कसे घालवायचे? आणि चटके?

काम थंड झाल्यावर हेअर ड्रायरची गरम हवा क्षणभर लांबून फिरवा, धागे आक्रसून गायब होतात. जास्त वेळ धरलात तर खालचा गोंदही मऊ होईल. चटका बसला तर गोंद ओरबाडून काढू नका, बोट वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. दाबायला बोटाऐवजी सिलिकॉनची टोपी किंवा आइस्क्रीमची काडी वापरा.

१०. स्क्रंचीचं माप काय? माझी एकतर सैल होते नाहीतर चुण्याच पडत नाहीत.

कापड ५५ × १० सेंटिमीटर, इलॅस्टिक २० सेंटिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद. चुण्या पडत नसतील तर कापड लांबीला कमी आहे, सैल होत असेल तर इलॅस्टिक जास्त आहे. फुगीर स्क्रंची हवी असेल तर कापड ७० × १५ घ्या, इलॅस्टिक तेवढंच ठेवा.

कापड लांबीत, सुलट बाजू आत ठेवून दुमडा आणि लांब कड शिवा. नळी उलटवा. इलॅस्टिकच्या एका टोकाला सेफ्टीपिन लावून आत सरकवा, आणि दुसरं टोक नळीच्या तोंडाशी टाचून ठेवा, नाहीतर तेही आत पळतं (पळतंच). इलॅस्टिकची टोकं गाठ मारून जोडू नका, ती गाठ हाताला आणि केसांना लागते. एकमेकांवर सेंटिमीटरभर चढवून आडवे-उभे टाके घाला. शेवटी कापडाचं एक टोक आत दुमडून दुसरं त्यात घाला आणि शिवून टाका.

स्क्रंचीचं पेटंट अमेरिकेतल्या रॉमी रेव्हसन यांनी १९८७ मध्ये घेतलं, तेही धातूचा जोड असलेले बँड केस तोडतात या वैतागातून. म्हणून स्क्रंचीत जोड जाणवत असेल तर मूळ हेतूच हुकला. कापड गुळगुळीत असलं तर केस कमी घासतात, पण अगदी निसरड्या सॅटिनची स्क्रंची पातळ केसांत टिकत नाही.

११. हेअरबँड कानामागे दुखतो, किंवा सारखा मागे सरकतो. माप कसं ठरवायचं?

इलॅस्टिकच्या बँडसाठी डोक्याचा घेर कपाळावरून कानांच्या वरून टेपनं मोजा आणि त्यातून २–३ सेंटिमीटर वजा करा. मोजायला डोकं समोर नसेल तर अंदाज असा : जन्मतः साधारण ३४ सेंटिमीटर, एक वर्षाच्या बाळाचा ४५–४६, मोठ्या बाईचा ५५–५६.

कडक बँड दुखतो तो टोकांमुळे. ती कानाच्या मागच्या हाडावर टेकतात. टोकांना फेल्टची टोपी घाला, आणि बँड फार आवळत असेल तर डोक्यापेक्षा जरा रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवा. सरकत असेल तर आतून मखमली रिबीन चिकटवा. सजावट अगदी मधोमध नको, एका बाजूला कानाच्या वर आली की तोल नीट राहतो.

१२. कापडाच्या पाकळ्यांची फुलं आणि मण्यांचं काम, दोन्ही शिकायचं आहे. कुठून सुरू करू?

पाकळ्यांपासून. जपानमध्ये एडो काळापासून (१६०३ ते १८६८) रेशमाचे छोटे चौकोन चिमट्यानं दुमडून केसांचे दागिने केले जातात, त्या कामाला त्सुमामी म्हणतात. तत्त्व साधं : चौकोन कर्णात दुमडा, झालेला त्रिकोण पुन्हा अर्धा, आणि तोही पुन्हा अर्धा. झाली टोकदार पाकळी. गोल पाकळीसाठी दोनदा दुमडल्यावर दोन्ही मोकळी टोकं मागे वळवून शेंड्याशी आणतात. ४ सेंटिमीटरच्या पाच चौकोनांचं फूल साधारण ५ सेंटिमीटरचं होतं. पाकळीचा खालचा कच्चा भाग कापून गोंदाच्या थरावर टेकवायची, मग फेल्टच्या गोल चकतीवर शेजारी शेजारी मांडायच्या. कापड पातळ घ्या, जाड कापडाच्या तीन घड्या बोटभर जाड होतात. आणि चौकोन खरोखर चौकोन असू द्या. दोन मिलिमीटरची चूक पाचव्या पाकळीला जागाच ठेवत नाही.

मण्यांसाठी तारेचा कंगवा आणि २६ किंवा २८ गेजची तार (०.४ आणि ०.३२ मिलिमीटर). गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, याचा घोळ सगळ्यांचा होतो. दर दोन दातांमध्ये एक वेढा, मणी समोर, तार ताणून. शेवटचं टोक मागे वळवून दाबून टाका. बोट फिरवून बघा, टोचलं तर डोक्यालाही टोचणार.

१३. पातळ केसांतून क्लिप घसरते. दाट आणि कुरळ्या केसांत ती बसतच नाही. सगळ्यांना चालेल असं काही?

नाही. पातळ केसांना हलकी, लहान आणि आतून मखमल लावलेली क्लिप द्या. आधी एक चाप आडवा लावून त्यावर क्लिप घेतली तर चापाला धरून ती टिकते. चापाची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची. बहुतेकजण उलटा लावतात आणि चापाला नावं ठेवतात. दाट केसांना रुंद जबड्याची बॅरेट किंवा मोठा क्लचर. कुरळ्या केसांत टिकटॅकच्या फटीत केस अडकून ओढले जातात, तिथे क्लचर किंवा स्क्रंची बरी.

१४. क्लिप काढताना केस तुटतात.

क्लिप उलटी करून एक कापसाचा बोळा सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथेच केस अडकतात. बहुतेक वेळा सुकलेल्या गोंदाची टोकदार कड, तारेचं टोक किंवा सुटलेली रिबीन सापडते. फेल्टचं अस्तर लावा. हेही लक्षात घ्या की रोज त्याच जागी, तसंच ताणून बांधलं तर निर्दोष क्लिपही तिथले केस विरळ करते. लहान मुलींच्या कानशिलांजवळ हे आधी दिसतं.

१५. छोट्या बाळासाठी क्लिप करून मागतात. करू का?

करा, पण नियम वेगळे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती येणाऱ्या वस्तूवर मणी, मोती, प्लास्टिकचे डोळे, बटणं काही नको. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात जो तुकडा मावतो तो बाळाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. आपल्या जवळजवळ सगळ्या सजावटी त्यात मावतात. म्हणून बाळाच्या क्लिपेला शिवलेलं सपाट फेल्ट किंवा घट्ट बांधलेला रिबिनीचा बो, आणि तो जोर लावून ओढून बघायचा. हातात आला तर द्यायचा नाही.

बँड रुंद, मऊ आणि सैल हवा. कपाळावर वळ उठला तर घट्ट आहे. आणि मागणाऱ्या आईला एवढं सांगाच : झोपवताना, गाडीच्या सीटवर बसवताना आणि नजर नसताना काढून ठेवायचा, कारण तो सरकून नाकावर किंवा गळ्यात येतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांची बटणसेल आणि लोहचुंबक मी कुठल्याच मुलांच्या वस्तूत घालत नाही. गिळले गेले तर ते आतून इजा करतात. इथे मी कुणाचं ऐकत नाही.

१६. क्लिप लावली की कानामागे खाज येते, पुरळ उठतं. निकेल असेल का?

शक्यता मोठी आहे. स्वस्त क्लिपांवर निकेलचा मुलामा असतो आणि घामानं तो सुटतो. युरोपात १९९४ पासून याला नियम आहेत. कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. तपासायचं असेल तर डायमिथाइलग्लायऑक्झिमचा तयार संच मिळतो. थेंब घातलेला बोळा धातूवर घासायचा, गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. तोपर्यंत क्लिप पूर्ण रिबिनीनं झाका (प्रश्न ५) किंवा प्लास्टिकची वापरा. पुरळ जात नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

१७. क्लिपा गंजतात आणि रिबिनीवर डाग येतात.

ओल्या केसांत लावू नका, न्हाणीघरात ठेवू नका. कडा घासून मुलामा गेला की गंज तिथूनच सुरू होतो. डाग पडलेली रिबीन धुऊन काही होत नाही. बो वाचवा, क्लिप बदला.

१८. रेझिन आणि पॉलिमर क्लेच्या क्लिपा फार छान दिसतात. लगेच सुरू करू?

आधी रिबीन. रेझिन वाळल्यावर निरुपद्रवी दिसतं, पण ओलं असताना कातडीला लागत राहिलं तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी आणि घासताना मास्क, यातलं काही जमणार नसेल तर हात घालू नका. क्ले पाकिटावर लिहिलेल्या तापमानालाच भाजा, साधारण ११० ते १३० अंश. तो करपला तर घातक वाफा सुटतात. आकार आधी भाजायचा, क्लिप नंतर चिकटवायची. आणि दोन्ही जड असतात, तेव्हा क्लिपची पकड आधी बघा.

१९. विकायला सुरुवात करायची आहे. किंमत कशी लावू? सगळे 'एवढ्याशा क्लिपेला एवढे?' म्हणतात.

'मालाच्या तिप्पट' वगैरे सूत्रं मला पटत नाहीत, कारण रिबिनीचा तुकडा स्वस्त असतो आणि वेळ महाग. घड्याळ लावून दहा क्लिपा करा, त्यात कापणं, शेकणं, चढवणं, पुठ्ठ्यावर लावणं सगळं धरा. दहाचा वेळ भागिले दहा. त्याला तुमच्या तासाची किंमत लावा, माल, वेष्टन आणि बिघडलेल्या क्लिपांचा वाटा मिळवा. येणारा आकडा बघून दचकाल. मग वेळ कमी करा. आज फक्त कापणं, उद्या फक्त शेकणं, असं टप्प्याटप्प्यानं केलं तर तेच काम बरंच लवकर उरकतं. किंमत पाडून आलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी आणखी पाडायला सांगतं.

२०. कार्टूनच्या चित्रांची रिबीन बाजारात उघड मिळते. तिच्या क्लिपा विकल्या तर चालतं ना?

घरातल्या मुलीला केली तर कुणी विचारायला येत नाही. विकताना मात्र त्या पात्राचे हक्क कुणाचे आहेत हा प्रश्न येतो, आणि उघड मिळणारी कितीतरी रिबीन मुळातच परवानगीशिवाय छापलेली असते. कंपन्यांच्या बोधचिन्हांचंही तेच. फुलं, फळं, पक्षी, तारे यांचे हक्क कुणाकडे नसतात, फक्त दुसऱ्या कारागिराची मांडणी जशीच्या तशी उचलू नका.

२१. जोडीच्या दोन क्लिपा अगदी सारख्या केल्या, तरी डोक्यावर एक बरोबर आणि दुसरी उलटी दिसते. असं का?

कारण त्या अगदी सारख्या केल्या. जोडी सारखी नको, आरशातली हवी.

बो स्वतःकडे तोंड करून, शेपट्या खाली ठेवून धरा. क्लिपचं तोंड डावीकडे असेल तर ती डोक्याच्या उजव्या बाजूची, कारण क्लिप चेहऱ्याकडून मागे सरकवतात. डाव्या बाजूला लावायच्या क्लिपेचं तोंड उजवीकडे हवं. दोन्हींची तोंडं एकाच दिशेला ठेवलीत तर दुसरी लावताना ती फिरवावी लागते आणि शेपट्या आकाशाकडे जातात. नुसता गोल बो असेल तर कळतही नाही. शेपट्या, एका बाजूला झुकलेली डहाळी, पक्षी असलं काही असेल तर लगेच कळतं. पक्षी असेल तर दोघांच्या चोची चेहऱ्याकडे यायला हव्यात, म्हणजे पक्षीही आरशातले कापायचे.

मी दोन्ही क्लिपा चिकटवण्याआधी टेबलावर शेजारी ठेवते आणि पेन्सिलीनं मागच्या फेल्टवर 'डा' आणि 'उ' लिहिते. ते अस्तराखाली जातं, कुणाला दिसत नाही. ही सवय लागण्याआधी माझ्याकडे नऊ उजव्या क्लिपा उरल्या होत्या, डावी एकही नव्हती.